बोरूने देवनागरी लिहिताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

देवनागरी सुलेखनासाठी कट निब (सपाट कापलेल्या टोकाची धातूची निब), सपाट ब्रश आणि तिरक्या टोकाचे मार्कर बाजारात सहज मिळतात आणि त्यांतले बहुतेक मी बरीच वर्षे वापरले आहेत. तरीही गेल्या पावसाळ्यापासून माझा रोजचा सराव केवळ बोरूने, म्हणजे बोरू नावाच्या गवताच्या कांडापासून केलेल्या लेखणीने चालू आहे. ज्यांना हे साधन घ्यावेसे वाटते त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो टोकाचा काप. रोमन अक्षरांत वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते. देवनागरीत तीच रेघ बारीक राहते आणि खालच्या डावीकडून वरच्या उजवीकडे जाणारा फटकारा भरतो. त्यामुळे इंग्रजीसाठी कापलेल्या टोकाने लिहिलेले देवनागरी अक्षर कितीही काळजीपूर्वक काढले तरी परके दिसते. मी विकत घेतलेल्या तयार बोरूंपैकी बरेच असेच निघाले. शिवाय बोरू म्हणून पुष्कळदा बांबूची काडी दिली जाते; ती अधिक टिकते, परंतु दाब दिल्यावर तिचे टोक लवत नाही. म्हणून बोरू स्वतः कापायला शिकण्यावाचून पर्याय नाही. तो थोडा वेळ पाण्यात भिजवून धारदार चाकूने तिरका छाटावा, आतला भुसभुशीत गाभा खरवडावा, मधोमध बारीक चीर द्यावी आणि शेवटी टोक कठीण फळीवर टेकवून एकाच दाबात कापावे.

शाईच्या बाबतीत काजळ आणि डिंक यांची पारंपरिक शाई मला सर्वांत मानवली. लाखयुक्त जलरोधक शाई चिरेत वाळते आणि मग धुऊनही निघत नाही. बोरूत शाई थोडीच राहते, त्यामुळे मोठ्या अक्षराचा काना कधी अर्ध्यातच कोरडा पडतो. नवशिक्याला हा दोष वाटेल. मला मात्र त्या कोरड्या पडत गेलेल्या रेघेत कागदाचा पोत आणि हाताचा वेग दोन्ही दिसतात, आणि मार्करच्या एकसारख्या काळ्या पट्ट्यात ते कधीच दिसले नव्हते. हातकागदावर तर फरक अधिकच जाणवतो, कारण धातूची निब जिथे तंतूंत अडकते तिथून बोरू अलगद सरकतो.

त्याची खरी उणीव झिजण्यात आहे. टोक मऊ पडले की जाड-बारीकपणा पुसट होतो आणि पानाची शेवटची ओळ पहिल्या ओळीपेक्षा वेगळी दिसू लागते. दासबोधाच्या 19व्या दशकातील पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हा आहे. त्यात समर्थ रामदास नाना ठिकाणचे बोरू आणायला सांगतात आणि ग्रंथ संपेपर्यंत सारी अक्षरे एकाच टाकाने लिहिल्यासारखी दिसावीत, अशी अपेक्षा ठेवतात. झिजणारे टोक हाती असताना ही अपेक्षा किती कठोर आहे, हे मला आताच नीट कळले. एकाच कांडाचे दोन-तीन बोरू सारख्या कापाने आधीच तयार ठेवणे, हा माझ्यापुरता उपाय.

प्रेरणेचे म्हणाल तर सुलेखनकार र. कृ. जोशी (1936-2008) यांचे नाव मी आधी घेईन. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनीच घडवला, पण मला ओढ आहे ती त्यांच्या हाताच्या मुक्त अक्षरांची. नाटकांच्या जाहिरातींत शीर्षकालाच नाटकाचा स्वभाव देणारे कमल शेडगे आणि मोडीच्या वळणांतून देवनागरीकडे नव्याने पाहणारे अच्युत पालव यांची कामेही मी वरचेवर न्याहाळतो. विशेषतः मोडीचा सराव बोरूनेच करावा. आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली न थांबता अक्षरे जोडत जाताना मोडीची वळणे कशी तयार झाली असतील, ते डोळ्यांआधी मनगटाला उमगते.

पाकिटांवरचे पत्ते, प्रमाणपत्रांवरची नावे किंवा घाईची कामे असतील तर कट निबच घ्यावी. फार बारीक कापलेल्या बोरूचे टोक टिकत नाही. मोठी अक्षरे, जाड कागद आणि सवड असेल तर मी बोरूच सुचवीन. लिहून झाल्यावर तो साध्या पाण्याने धुऊन, पुसून, टोक वर करून ठेवावा. शाईच्या दौतीत रात्रभर राहिलेला बोरू सकाळी पुन्हा छाटावा लागतो.