साडेचार लाखांचं कटर आणि ऐंशी रुपयांची पिन : आठ महिन्यांनंतर

आम्ही खोपोलीची दहाबारा मंडळी घाटात अपघात झाला की धावतो. वर्गणी काढून मार्चमध्ये बॅटरीवरचं कॉम्बी घेतलं, म्हणजे चेपलेल्या गाडीतून माणूस सोडवायला पत्रा कापणारी कात्री आणि फाकवणी एकातच. डेमो पीस, साडेचार लाख. सातशे बार दाब वगैरे माहितीपत्रकात आहेच. मला बोलायचंय ते चार्जरच्या पिनेबद्दल.

हो, पिनेबद्दलच. जाड डोक्याची, दोन गोल दांड्यांची परदेशी पिन. आपल्या सॉकेटात जाते, पण बसत नाही. धक्का लागला की हलते. विक्रेत्याने सोबत कन्व्हर्टर दिला, साठ रुपयेवाला. साडेचार लाख मोजून घेतलेल्या यंत्राला साठ रुपयांचा कन्व्हर्टर! तापायचा, वास मारायचा.

जूनमध्ये पहाटे तीनला फोन आला. जुन्या घाटात, शिंग्रोबाच्या देवळाच्या वर, ट्रक पुढच्या ट्रेलरवर आदळलेला. ड्रायव्हरचे दोन्ही पाय डॅशबोर्डखाली. चाकांना ओंडके लावले, ट्रकच्या बॅटरीच्या वायरी सोडवल्या, दाराच्या फटीत जबडे घातले. चार बोटं फाकलं आणि यंत्र गप्प. बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती, पण पिन हललेली, चार्ज झालीच नव्हती. दुसरी बॅटरी? महाग म्हणून घेऊ दिली नव्हती. मीच.

बॅटरी संपली तरी जबडे मिटले नाहीत, होते तिथेच धरून राहिले, हे यंत्राचं चांगलंच म्हणायचं. पण आता ते बाहेरही निघेनात. शेवटी पहारीने दार उचकटलं आणि चेन पुली लावून स्टिअरिंगचा दांडा इंचाइंचाने पुढे ओढला. पाऊण तास. ड्रायव्हर सारखा विचारत होता, "दादा, पाय आहेत ना?" होते.

सर्व्हिसवाल्याचा पहिला प्रश्न काय, तर "कन्व्हर्टर ओरिजिनल होता का?" म्हटलं, तुमच्याच माणसाने दिला. तर म्हणे, तो आमच्या यादीत नाही. पाच आठवडे हेच. शेवटी आळीतल्या वायरमनने ती पिन छाटून थ्री-पिन टॉप बसवला. ऐंशी रुपये, चहा वेगळा. वॉरंटी गेली म्हणे. जाऊ दे.

इथवर जुलैत लिहून ठेवलं होतं आणि खाली "घेऊ नका" असं ठोकलं होतं. ते खोडलंय.

ऑगस्टात एक छोटी कार कठड्याला धडकली, मागच्या सीटवर आजी अडकलेल्या. गाडीच्या दोन दारांमधला खांब कापायचा होता. आधी आतलं प्लास्टिक उचकटून पाहिलं, कारण पडद्यासारख्या एअरबॅगची गॅसची नळकांडी छपराच्या कडेत लपलेली असते, आणि कात्री तिच्यावर चालली तर स्फोट. बाजूची काच अडीचशे रुपयांच्या स्प्रिंग पंचने खळ्ळकन गेली. (पुढच्या काचेवर तो वाया घालवू नका, तिच्या पोटात प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तिला करवतच लागते.) आजींवर चादर धरली आणि खांब वर एक, खाली एक, दोन कापांत सुटला.

पूर्वी हेच आम्ही ग्राइंडरने करायचो. खाली पेट्रोलचा वास, वर ठिणग्यांचा पाऊस, आणि एक जण पाण्याची बादली घेऊन उभा. इथे ठिणगी नाही, आवाजही बेताचा. आजींशी बोलत बोलत काम झालं. पैसे तिथेच वसूल.

वजन मात्र वीस किलोच्या आसपास. छातीच्या वर धरायचं तर दोघं हवेत, आणि आमच्यातले निम्मे पन्नाशीचे.

दिवाळीत दुसरी बॅटरी घेतली, या वेळी मी हूं की चूं केलं नाही. घासाघीस करून चार्जरही फुकट मिळवला. घरी येऊन खोका उघडला. पिन तीच. वायरमन उद्या येतोय.