पार्ल्यातला जुना बंगला आणि तो विकून देणारे एजंट

पार्ले पूर्वेला, हनुमान रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत सासऱ्यांनी बांधलेला आमचा बैठा बंगला आम्ही विकला. ज्या एजंटांनी विकून दिला, त्यांच्या कामाबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण थोडं वाकडंही बोलायचंय. जुन्या बंगल्यांचंच काम करणारे पार्ल्यात मोजकेच उरलेत, टिळक मंदिराच्या आसपास चौकशी केलीत तर कळेल.

त्यांच्याआधी येऊन गेलेले सगळे एजंट गेटातूनच विचारायचे, "काकू, प्लॉट केवढा?" घर कुणी बघायचंच नाही. एकाने तर टॅबवर रंगीत चित्रं दाखवून असा आकडा सांगितला की आमच्या दिरांनी त्याच रात्री लोणावळ्याच्या बंगल्यांचे भाव काढले. हे गृहस्थ आले ते घरात शिरलेच नाहीत. बरोबरच्या पोराच्या हातात टेपचं एक टोक दिलं आणि या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत गल्ली मोजली. दोन ठिकाणी मोजली. मग व्हरांड्यात बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, रस्ता नऊ मीटर भरत नाही. तुम्हाला कुणी बिल्डरचा भाव सांगितला असेल तर तो विसरा."

यातली मेख अशी. उपनगरात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) एक. त्यावर प्रीमियम भरून मिळणारा आणि टीडीआरचा (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) एफएसआय चढतो तो समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नऊ मीटरच्या आतल्या रस्त्याला तो मिळत नाही, पैसे भरून घ्यायचा ३५ टक्के फंजिबल (जादा बांधकाम) तेवढा उरतो. रस्ता पुढे रुंद होणार आहे का, हे त्यांनी महापालिकेच्या डी. पी. रिमार्क्समध्ये, म्हणजे विकास आराखड्याच्या शेऱ्यांत, बघितलं, तशी रेषा नव्हती. त्यात पार्ल्याच्या डोक्यावरून विमानं जातात. फनेल झोनमुळे, म्हणजे विमानं चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यामुळे, उंचीला विमानतळ प्राधिकरणाची मर्यादा आहे आणि त्यापायी इथल्या कितीतरी सोसायट्यांचा पुनर्विकास रखडलाय, हे पार्लेकरांना मी सांगायला नको. थोडक्यात, आमच्या जागेला बिल्डर हे खरं गिऱ्हाईकच नव्हतं. राहायला घर हवं असलेला माणूस शोधायचा होता. हे एकदा ठरल्यावर पुढचं सगळं त्या हिशेबाने चाललं: भाव, कागद, कुणाला घर दाखवायचं आणि कुणाला रस्त्यावरूनच वाटेला लावायचं. माझ्या मते त्यांच्या फीपैकी निम्मे पैसे त्या टेपचेच होते.

कागदांच्या बाबतीत माणूस भलताच चिकट. खरेदीखत १९५४ चं, त्यात ४८० चौरस वार. म्हणजे साधारण ४०१ चौरस मीटर. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) मात्र ३८९. आमच्या घरात हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वार आणि मीटर एका कागदावर कधी आलेच नव्हते. यांनी पहिल्याच बैठकीत पेन्सिलीने गुणाकार करून दाखवला आणि विचारलं, "बारा मीटर कुठे गेले?" पार्ल्याच्या भावाने बारा मीटर म्हणजे गावाकडे अख्खं घर होतं. सासऱ्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत शेवटी एक पिवळी पडलेली चिठ्ठी सापडली. गल्लीच्या गटारासाठी महापालिकेने पुढची पट्टी घेतली होती. म्हणजे पत्रिका बरोबर होती. हेच घेणाऱ्याच्या वकिलाने विसाराच्या वेळी काढलं असतं, तर भाव पाडायला त्याला आयतं कोलीत मिळालं असतं.

पत्रिकेवर नाव अजून सासऱ्यांचंच होतं. वारस तिघे: आमचे हे, ठाण्याचे दीर आणि पुण्याच्या नणंदबाई. वन्संनी हक्कसोडपत्र करून मोकळं व्हावं, असं सुचवणारे शहाणे नातेवाईक होतेच. एजंटांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं, "तिघंही विकणारे म्हणून सही करा, पैसे ज्याचे त्याच्या खात्यात." घेणाऱ्याने कापायच्या कराचा, टीडीएसचा, एक टक्काही ज्याच्या त्याच्या पॅनवर कापला गेला. घरात यावरून जे होऊ शकलं असतं ते झालं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मराठी आणि इंग्रजी पेपरात जाहीर नोटीस दिल्यावर एक लांबचे चुलत दीर जागे झाले. वकिलाचं एक पत्र गेल्यावर ते परत झोपले.

आता झाडं. आवारात फणस, दोन आंबे, कुंपणाशी बकुळ आणि मागे बुचाचं उंच झाड. घर बघायला येणारे यावरून लगेच ओळखू येतात, हे मी त्यांच्याकडून शिकले. एक जण हॉलमध्ये यायच्या आधी म्हणाला, "हा फणस कधी काढून देताय?" एजंटांनी त्याला तिथेच ऐकवलं: वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात. तो परत आला नाही. नंतर एक कुटुंब आलं, बरोबर त्यांची आजी. आजींनी चपला काढल्या, सरळ मागच्या दारी गेल्या, फणसाच्या खोडावर हात ठेवला आणि मला विचारलं, "कापा की बरका?" मी म्हटलं, कापा. एजंट माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "हे घेणार." त्यांनीच घेतलं. भावात थोडी ओढाताण झाली, ती होतेच.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: घेणाऱ्यांकडूनही ते फी घेणार आहेत, हे मला करारनाम्याचा मसुदा हातात आल्यावर कळलं. मुंबईत दोन्हीकडून घेतात हे मान्य, पण मग भाव ठरवताना तुम्ही कुणाच्या बाजूने बोलत होतात? मी हे विचारलं. त्यावर ते हसले, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. आमच्याशी त्यांनी दोन टक्क्यांनी सुरुवात केली होती, दीडवर आले, वर अठरा टक्के जीएसटी. दुसरी तक्रार: न सांगता गिऱ्हाईक घेऊन दारात उभे राहायचे. कुकर लावलेला, अंगावर गाऊन, आणि हे म्हणणार, "वहिनी, पाचच मिनिटं." फोटो तर इतके वाईट काढले होते की आमचं मोझेक फरशीचं देवघर त्यात गोठ्यासारखं दिसत होतं. शेवटी भाच्याने येऊन काढून दिले.

विक्रीच्या नफ्यावरच्या कराच्या बाबतीत त्यांना काही विचारू नका. तेवढं त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि नोंदणीकृत व्हॅल्युअर गाठून दिला, हे बरं झालं. जुन्या घराची किंमत १ एप्रिल २००१ ची धरता येते, त्यासाठी त्याचा अहवाल लागतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला साधा साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे वाढवलेली मूळ किंमत) धरून वीस टक्के, यातला जो कर कमी तो भरायची मुभा आहे. आमच्या सीएंनी दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडले आणि दहा मिनिटांत विषय संपला.

घेणाऱ्याच्या बाजूने हे गृहस्थ कसे आहेत, तेही बघितलं. माझ्या त्याच भाच्याने पुढे यांच्याचमार्फत चेंबूरला डायमंड गार्डनजवळ एक जुना बंगला घेतला. तिथे त्यांचा सूर जरा वेगळा होता. बंगला बघायला नेलं ते मुद्दाम धो धो पावसात. "उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली दिसतात," म्हणाले. गच्चीच्या कडेने ओल उतरली होती, मागच्या खोलीच्या चौकटीला वाळवी होती, आणि आउटहाउसमध्ये जुन्या माळ्याचं कुटुंब राहत होतं. गळती आणि वाळवीचे त्यांनी पैसे वजा करून घेतले. माळ्याच्या कुटुंबाच्या बाबतीत मात्र विकणाऱ्याने आधी त्यांची सोय करून लेखी घ्यावं, मगच विसार, यावर अडून बसले. भाचा घाई करत होता, यांनी त्याला थांबवलं. ओसीचा (भोगवटा प्रमाणपत्राचा) कागद सापडत नव्हता म्हणून कर्जाला बँकेने नाकं मुरडली, तेव्हा मंजूर नकाशाची प्रत आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल यांच्यावर काम भागलं. खरेदी भाचेसुनेच्या एकटीच्या नावावर केली, त्यामुळे मुद्रांक शुल्क सहाऐवजी पाच टक्के लागलं. अशा रकमेवर एक टक्का म्हणजे नवं वायरिंग आणि वर गच्चीचं वॉटरप्रूफिंग.

पाचपैकी चार तारे. जागा हमरस्त्यावर असेल आणि बिल्डरलाच द्यायची असेल तर यांच्याकडे जायची गरज नाही, तिथे सरळ वकील आणि आर्किटेक्ट बघा. गल्लीतलं, झाडांतलं घर असेल तर जरूर जा. मात्र फी दोन्हीकडून घेणार का, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या, आणि जीएसटी नंबर असलेली छापील पावती मागा. मला ती मागितल्यावरच मिळाली.