वधू-वर सूचक केंद्राचा अनुभव: आम्ही न लिहिलेली ओळ

मार्चमध्ये मुलीचं नाव एका वधू-वर सूचक केंद्रात नोंदवलं. फी ३,५०० रुपये, मुदत एक वर्ष. केंद्राचं नाव इथे देत नाही. चांगलं ते आधी सांगतो: कागदपत्रं नीट तपासतात, पगाराची स्लिप मागतात, फोन केला की उचलतात.

आता फॉर्म. नाव, जन्मवेळ झाली की लगेच जात, पोटजात, देवक, गोत्र. शिक्षणाचा नंबर दुसऱ्या पानावर. मुलीने पोटजातीपुढे रेघ मारली आणि अपेक्षांच्या रकान्यात लिहिलं, 'जातीची अट नाही. निर्व्यसनी आणि वाचनाची आवड असलेला हवा.' तिथल्या ताई म्हणाल्या, "काका, असं नका लिहू. लोकांना वाटतं मुलीतच काही खोट आहे." आम्ही खोडलं नाही.

पंधरा दिवसांनी छापील परिचयपत्र आलं. फोटो छान, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: 'आंतरजातीय चालेल. एससी, एसटी क्षमस्व.'

जाब विचारला तर उत्तर मिळालं, "अहो, आंतरजातीय म्हटलं की ती ओळ आम्ही टाकतोच." माझ्या मुलीच्या नावाखाली, तिला न विचारता! ती ओळ वाचून ती दोन दिवस धड जेवली नाही. ऑफिसात जिच्यासोबत ती रोज डबा खाते, त्या मैत्रिणीच्या हाती हा कागद पडला असता तर?

अस्पृश्यता घटनेच्या १७व्या कलमाने नष्ट केली, हे मी तीस वर्षं नागरिकशास्त्रात शिकवलं. जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर जात टिकून आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतं. ते किती खरं आहे, हे त्या एका ओळीने मला दाखवलं.

आंतरजातीय विवाहासाठी सरकारी ५०,००० रुपयांची मदत मिळते, अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायचा. जोडप्यातला एक अनुसूचित जाती, जमाती किंवा भटक्या-विमुक्तांपैकी आणि दुसरा सवर्ण असेल तर. केंद्रात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं तर ही माहिती त्यांच्या भिंतीवर लावलेली असायला हवी.

भांडून परिचयपत्र बदलून घेतलं. त्यानंतर अकरा स्थळं आली, अकराही आमच्याच जातीची. बाकीची का दाखवत नाही, असं मुलीने स्वतः फोन करून विचारलं. ताई म्हणाल्या, "ती फाईल वेगळी असते, बेटा."


मुदत संपल्यावर पुन्हा पैसे भरणार नाही.