नाव 3 इंच, वचन 1 इंच: जालन्यातलं पाटीचं दुकान

आमच्या चर्चच्या मंडळीला बाबांच्या आठवणीत पाण्याचा कूलर दिला, त्यावर लावायला जालन्यात मोंढ्याकडच्या एका दुकानातून संगमरवरी पाटी करून घेतली. कोरीव काम एक नंबर. काना-वेलांटी धारदार, रंग दोन महिन्यांत जराही उडाला नाही. अक्षरामागे 12 रुपये, जोडाक्षर एकच धरतात. वेळेचं मात्र विचारू नका. "परवा या" करत 11 दिवस घालवले.

मापं घेताना कारागीर चाचा म्हणाले, "साहेब, तुमचं नाव 3 इंच आन् वचन 1 इंच, असंच ना?" मीच तसं लिहून दिलं होतं! अन् वचन कोणतं, तर बायबलमधलं फिलिप्पैकरांस 2:3, पोकळ डौल नको म्हणणारं. कानशिलं तापली. तिथंच माझं नाव खोडलं, बाबांचंही. (रोज गुडघे टेकून कूलरचा ट्रे पुसणाऱ्या मावशींचं नाव तरी कुठंय?) आगाऊ घेतलेले जास्तीचे पैसे चाचांनी न मागता परत दिले.

भोकं तेवढी वाकडी पाडलीत, पाटी उजवीकडे कलते. 4 तारे.