पास्त्यात कोंबडी कोणती: बॉयलर की गावरान?

रात्रीच्या जेवणाला कोंबडी आणि भाज्यांचा पास्ता करायचा, तर बॉयलर आणावी की गावरान घ्यावी, असा प्रश्न वर्धेकडच्या आमच्या एका वहिनींना पडला आहे.

वेळेच्या बाबतीत बॉयलर सरस ठरते. ती साधारण सहा आठवड्यांत वाढवलेली असल्याने तिचे मांस कोवळे असते. छातीचे बारीक तुकडे 8 ते 10 मिनिटांत शिजतात आणि तेवढ्यात दुसऱ्या गंजात पास्ताही उकळून होतो. गावरान कोंबडी कित्येक महिने अंगणात हिंडून वाढते, त्यामुळे तिचे मांस घट्ट असते आणि ते आधी कुकरमध्ये शिजवून, हाडे काढूनच पास्त्यात घालावे लागते. विकत घेतल्यास ती बरीच महागही पडते.

चवीचा निकाल मात्र उलट लागतो. गावरान कोंबडीच्या आळणी पाण्यात पास्ता शिजवला, की साय किंवा चीज घालण्याची गरज उरत नाही, आणि माझ्या मते आरोग्याचा खरा लाभ याच ठिकाणी आहे. प्रथिनांत फारसा फरक नाही; बॉयलरच्या कातडीविना 100 ग्रॅम कच्च्या छातीतूनही सुमारे 22 ग्रॅम प्रथिने मिळतात. फक्त ती लवकर कोरडी पडते, म्हणून टमाटर, गाजर आणि पालक भरपूर घालावेत.

शेतातून उशिरा परतणाऱ्या घराला बॉयलरच सोयीची आहे. घरच्या कोंबड्या आणि हाताशी निवांत वेळ असेल, तर गावरानच करावी.