ग्रँड आयलंडच्या ‘प्रवाळ सफरी’त गेलेले २८,५०० रुपये

दिवाळीच्या सुट्टीत गोव्यातल्या ग्रँड आयलंड बेटाजवळ स्कूबा डायव्हिंगच्या नावाखाली माझे २८,५०० रुपये गेले. माणशी ४,५०० प्रमाणे पाच जणांचे २२,५००. ‘प्रवाळ संवर्धन शुल्क’ माणशी ५००, म्हणजे २,५००. जेटीचे म्हणून ५००. व्हिडिओच्या दोन फायलींचे ३,०००. हातात काय पडलं? हिरव्या गढूळ पाण्यात माणशी जेमतेम चार मिनिटं, भलत्याच समुद्रात काढलेला व्हिडिओ, आणि ताईचा जीव धोक्यात घातल्याचा संताप, जो अजून उतरलेला नाही.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतो. गोव्यातच वाढलो. किनाऱ्यावर ‘स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड’ ओरडत मागे लागणारे दलाल मला नवीन नाहीत. दीड-दोन हजारांत काय विकतात आणि पाण्यात गेल्यावर काय दाखवतात, हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. म्हणूनच मी त्यांच्याकडे गेलो नाही. ताई नागपूरहून भाऊबीजेला आली होती, सोबत भावोजी आणि चौदा वर्षांचा भाचा. भाच्याला प्रवाळांचं वेड. यंदा ओवाळणी म्हणून ताईला साडी न देता सगळ्यांना समुद्राखालचं जग दाखवायचं, असं मी आणि बायकोने ठरवलं होतं. त्यासाठी जास्त पैसे मोजायची तयारी होती. आम्ही स्वस्ताच्या मोहात पडलो नव्हतो, उलट स्वस्त टाळायला गेलो होतो. ‘स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर कळायला नको का?’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी हे आधी नीट वाचावं.

त्या माणसाचं टेबल पणजीत नदीकाठी होतं. मागे बॅनर, समोर लॅमिनेट केलेला परवाना. माझ्याशी कोंकणीत बोलला, ताईशी स्वच्छ मराठीत. एकदाही ‘ऑफर’ हा शब्द उच्चारला नाही. त्याने सांगितलेल्या निम्म्या गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्याची हातचलाखी तीच होती. ग्रँड आयलंडजवळ जिवंत प्रवाळ आहे, हे खरं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या नोंदी केल्या आहेत. पाणी तापलं की तिथलं प्रवाळ पांढरं पडतं, याच्याही. डॉल्फिन दिसतात, हे खरं. कासवं गोव्यात येतात, हेही खरं. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. मी स्वतः वर्गात हेच शिकवतो. आपल्याला ठाऊक असलेल्या चार खऱ्या गोष्टी समोरचा बरोबर सांगतो, तेव्हा पाचवी खोटी असेल असं कोणाच्या मनात येतं?

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी पुन्हा पुन्हा त्याच टेबलापाशी जाऊन उभा राहतो.

त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. निळंशार पाणी, पंचवीस-तीस मीटर लांबचं स्पष्ट दिसणारं. मध्यभागी पसरट, थाळीसारखं एक मोठं प्रवाळ, डावीकडचा कोपरा तुटलेला, आणि त्याच्या खालून सरकणारा एक पिवळा मासा. मी विचारलं, “हे इथलंच का?” विचारलं होतं मी! मांडवी आणि झुआरी पावसाळाभर गाळ आणून ओततात, त्यामुळे आपल्या किनाऱ्याजवळचं पाणी एवढं नितळ नसतं, हे मला माहीत आहे. तो हसला नाही, गडबडला नाही. म्हणाला, “सर, तुम्ही जाणकार दिसता. म्हणून तुम्हाला आतल्या बाजूची जागा दाखवतो, तिथे बाकीच्यांना नेत नाही. फक्त तिथे संवर्धनाचं शुल्क वेगळं पडतं.” आणि पावतीपुस्तक काढलं.

माझा प्रश्न तिथेच विरला. प्रवाळ जपायला कोणीतरी पैसे घेतंय, याचंच मला बरं वाटलं. पावतीवर तीन सिंहांचं चिन्ह होतं, खाली ‘कोरल प्रोटेक्शन’. अनुक्रमांक नाही, खात्याचं नाव नाही, सहीच्या जागी एक रेघ. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर मोबाईलच्या सुट्या भागांच्या दुकानाचं नाव आलं. “भावाचं खातं आहे, सर.” मी पिन टाकला. १०,००० आगाऊ आणि २,५०० शुल्क, एकूण १२,५००. बाकीचे १२,५०० आणि जेटीचे ५०० सकाळी रोख द्यायचे ठरले. गोव्यात किती धंदे भावाच्या, मेहुण्याच्या खात्यावर चालतात, हे इथे राहणाऱ्या कोणालाही विचारा. त्या एका कारणावरून मी उठून जायला हवं होतं असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी गेल्या महिन्यात भाजीवाल्याला दिलेले पैसे कोणाच्या नावावर गेले ते एकदा तपासून बघावं.

तरी सांगतो: पडद्यावरचं नाव आणि बॅनरवरचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका. आणि रोख तर देऊच नका. माझ्या २८,५०० पैकी १६,००० मी दिले याचा आज माझ्याकडे कागदावर कसलाही पुरावा नाही.

सकाळी बोटीवर गेलो तर टेबलावरचा माणूस गायब. दुसरी तीन पोरं आणि आमच्यासारखीच दाटीवाटीने बसवलेली माणसं. ‘आतल्या बाजूची जागा’ म्हटल्यावर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बोट सुटल्यावर, पाणी तोडत निघाल्यावर, आरोग्याचा फॉर्म हातात आला. ताईने मोठ्याने सांगितलं, “मला दमा आहे, मी पंप वापरते.” उत्तर आलं, “सगळीकडे ‘नाही’ लिहा मॅडम. नाहीतर डॉक्टरचा दाखला लागतो आणि पैसे परत मिळत नाहीत.” दम्याच्या माणसाच्या फुप्फुसात हवा अडकून राहू शकते. पाण्याखाली दाबाने ओढून घेतलेली हवा वर येताना फुगते. दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे घेतलेला श्वास रोखून वर आलात तर त्याच हवेला दुप्पट जागा लागते. आणि उथळ आहे म्हणून भीती नाही असंही नाही, श्वास कोंडून दीड-दोन मीटरवरून वर येतानाही फुप्फुसाला इजा होते. कधीही श्वास रोखू नका, हा डायव्हिंगचा पहिला नियम. तो त्या पोरांनी आम्हाला सांगितलासुद्धा नाही. मी सांगितला, बोटीच्या इंजिनाच्या आवाजात ओरडून. ज्या बोटीवर सुटल्यानंतर फॉर्म देतात, त्या बोटीवर चढू नका. फॉर्म आदल्या दिवशी मागा.

ताई शेवटी पाण्यात उतरली. उतरू नकोस म्हणून मी दोनदा म्हणालो. पण भाचा “आई, चल ना” म्हणत होता, आणि ओवाळणी वाया जाऊ नये असं तिच्याही मनात. वर आली ती खोकतच. पंप पिशवीत होता म्हणून निभावलं. त्याच रात्री त्यांचं मोपाहून विमान होतं. एका साध्या डाइव्हनंतरही विमानात बसायला निदान बारा तास जाऊ द्यावेत, असं डायव्हिंगमधली वैद्यकीय माणसं सांगतात. मी टेबलावर विचारलं होतं तेव्हा ‘काही होत नाही सर’ असं उत्तर मिळालं होतं. अर्ध्या तासाच्या, बारा मीटर खोलीच्या डाइव्हचे पैसे घेताना हे उत्तर देणारा माणूस नुसता लबाड नाही, घातक आहे.

बारा मीटर! नवख्यांच्या पहिल्या डाइव्हची मर्यादा तेवढी असते हे खरं. पण आम्हाला नांगराच्या दोराला धरून खाली नेलं आणि तिथेच थांबवलं. वर बघितलं तर त्या गढूळ पाण्यातूनही बोटीचा तळ स्पष्ट दिसत होता, म्हणजे तीन-चार मीटरच्या पुढे आम्ही गेलोच नव्हतो. समोर हातभर अंतरापलीकडे सगळं हिरवं. एकाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाव चुरला, काळ्या पट्ट्यांचे मासे झुंबड करून आले, दुसऱ्याने कॅमेरा फिरवला. माशांना पाव घालायचा नसतो. शेवाळ कुरतडणारे मासे पावाला सोकावले तर प्रवाळावर चढणारं शेवाळ कोण खाणार?

मग फोटोसाठी त्याने भाच्याला खांद्याला धरून एका प्रवाळावर उभं केलं. जिवंत प्रवाळावर, पायातल्या फिनसकट (पोहण्याच्या पंख्यांसकट). असं गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतं. त्या खडबडीत पृष्ठभागावर हजारो जीव असतात, आणि त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ त्यांना अन्न पुरवतं. पोराला हे सगळं पाठ आहे. पाय उचलायची तो धडपड करत होता आणि तो माणूस त्याला खाली दाबत होता. बोटीवर आल्यावर भाचा रडला. त्याला गप्प करायला त्यांच्यातल्याच एकाने प्रवाळाचा तुटका तुकडा काढून दिला, ‘घरी न्या, शोकेसमध्ये छान दिसतो.’ संवर्धनाचे अडीच हजार माझ्याकडून घेऊन! प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो तुकडा बाळगणं हा गुन्हा आहे, आणि विमानतळावर सापडला असता तर पोलिसांना उत्तर ताईने दिलं असतं. असं काही कोणी दिलं तर हात लावू नका. फक्त देणाऱ्याचा फोटो घ्या. मी घेतला आहे.

व्हिडिओ पॅकेजमध्ये धरलेला होता. किनारा जवळ आल्यावर कळलं की धरलेली आहे ती ‘लहान फाइल’. चांगली हवी तर १,५०० एकीचे. भाच्याला वाईट वाटू नये म्हणून दोन घेतल्या. घरी टीव्हीला लावल्या. पाव खाणारे मासे आम्हीच पाहिलेले, तेवढा भाग आमचा. नंतर पाणी एकदम निळं झालं. एक हात प्रवाळाकडे बोट दाखवतोय. ताईच्या दोन्ही हातांवर दिवाळीची मेंदी कोपरापर्यंत होती, पडद्यावरचा हात कोरा आणि मनगटावर काळं घड्याळ. मी काही बोलायच्या आत भाचा म्हणाला, “मामा, हे त्या माणसाच्या मोबाईलमधलंच आहे.” तेच थाळीसारखं प्रवाळ, तोच तुटलेला डावा कोपरा, खालून जाणारा तोच पिवळा मासा.

सोबत ‘सर्टिफिकेट’ही आलं, पाच जणांची पाच. खरं प्रमाणपत्र असं मिळत नाही. त्याला तीन-चार दिवसांचा कोर्स असतो, लेखी परीक्षा, आधी शांत पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, आणि त्यावरचा क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे पडताळून बघता येतो. चार मिनिटांच्या बुडीवर जे मिळतं तो नुसता रंगीत कागद.

यानंतर मी जे भोगलं त्यापुढे त्या दलालावरचा रागही कमी वाटतो. जवळच्या चौकीत गेलो, तर बोट जिथून सुटली तिथल्या ठाण्यात जा म्हणाले. तिथे गेलो, तर “पाण्यात उतरलात ना? मग फसवणूक कसली?” मी पावतीवरचे सिंह दाखवले. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, असं म्हणालो. साहेबांनी विचारलं, “मास्तर, तुम्ही सायन्स शिकवता की कायदा?” खोलीतले सगळे हसले. बायको सोबत होती.

पर्यटनाच्या कामाशी संबंध असलेल्या एका कार्यालयात सांगण्यात आलं की तो माणूस आमच्याकडे नोंदलेलाच नाही, त्यामुळे त्याच्यावर आम्ही कारवाई करू शकत नाही. अहो, नोंदणी न करता धंदा करतो हीच तर माझी तक्रार आहे! पर्यटन व्यवसायाची नोंदणी सक्तीची करणारा कायदा गोव्यात १९८२ पासून आहे. पर्यटनस्थळी दलालीला मज्जाव करणारा कायदा २००१ पासून आहे. जो कायदा पाळतो त्याचीच तपासणी, आणि जो मोडतो तो ‘आमच्या कक्षेत नाही’? मग कक्षेत आहे तरी कोण? लेखी उत्तर मागितलं तर संबंधित माणूस रजेवर. प्रवाळाच्या तुकड्याचा फोटो दाखवला तर, “दगडाचं काय घेऊन बसलात?” बँक म्हणाली, पिन तुम्ही स्वतः टाकलात, आम्ही काय करणार. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. आपल्या किनाऱ्यावर कोणी मेल्याशिवाय फाइल हलणारच नाही का? दम्याची बाई फॉर्ममध्ये खोटं लिहायला लावून समुद्रात उतरवली जाते, आणि त्यावर एकाही टेबलावर एक ओळ लिहून घेतली जात नाही!

तुमचं असं झालं तर चौकीच्या फेऱ्या मारत बसण्याआधी, पैसे गेल्यागेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, गोव्यात परत यावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बोटीचा नोंदणी क्रमांक चढतानाच टिपून ठेवा. मी टिपला नव्हता, कारण पाच माणसांचं सामान आणि दम्याचा पंप माझ्याच हातात होता.

मी आयोगात तक्रार घातली आहे. पावत्या, दोन्ही फायली, तुकड्याचा फोटो, सगळं जोडलं आहे. एकट्याचा अर्ज ‘गैरसमज’ म्हणून बाजूला ठेवता येतो, दहा जणांचा ठेवता येत नाही. ग्रँड आयलंडहून आणलेला तुमचा व्हिडिओ आज पुन्हा लावून बघा. तुटलेल्या डाव्या कोपऱ्याचं पसरट प्रवाळ आणि खालून जाणारा पिवळा मासा त्यात असेल, तर फाइल पुसू नका. तारीख आणि पावतीसह मला कळवा, मी ती माझ्या तक्रारीला जोडतो.