ग्लुकोजची वाट अडवणारी दोन द्रव्ये: फ्लोरिझिन आणि ओलिअँड्रिन
सफरचंदाच्या झाडाच्या सालीतील फ्लोरिझिन आणि गोव्यात घरोघरी अंगणात फुलणाऱ्या कण्हेरीतील ओलिअँड्रिन ही दोन्ही द्रव्ये आतड्यातील ग्लुकोजचे शोषण रोखू शकतात, मात्र निरनिराळ्या ठिकाणी. दोन सोडियम आयनांसोबत ग्लुकोजचा एक रेणू पेशीत नेणाऱ्या एसजीएलटी-१ या वाहक प्रथिनावरची ग्लुकोजची जागाच फ्लोरिझिन अडवते. अमिनो आम्लांचे वाहक त्यामुळे थेट अडत नाहीत. ओलिअँड्रिन मात्र पेशीच्या रक्ताकडील बाजूचा, दर फेरीत 3 सोडियम बाहेर टाकून 2 पोटॅशियम आत घेणारा पंप बंद पाडते, त्यामुळे पेशीत सोडियम साचते, बाहेरून आत येण्याची सोडियमची ओढ कमी होते आणि त्या ओढीवर अवलंबून असलेले ग्लुकोज व अमिनो आम्ले या दोहोंचे शोषण मंदावते. हाच पंप हृदयातही असल्याने कण्हेर प्राणघातक ठरते (घरातील मुलांना हे आवर्जून सांगावे). वाहकाच्या अभ्यासासाठी फ्लोरिझिनच मला अधिक नेमके वाटते.